दहाचे अठरा

दर नोव्हेंबरात आईला बँकेत जाऊन आपण हयात आहोत असं लिहून द्यावं लागतं. बँक आमच्या दारासमोर आहे, फक्त मध्ये चौक आहे. २१ नोव्हेंबर २०२३ला सकाळी ती हा दाखला द्यायला निघाली आणि चौकाच्या मधोमध अडकली. चालायचा हिरवा माणूस लागला म्हणून उतरली, दुभाजकापर्यंत पोचते तोवर तो लाल झाला आणि गाड्या सुटल्या. एका दुचाकीचा आरसा कोपराला लागला. खरचटलं, बाकी काही नाही. दुभाजकावरच्या कण्हेरीच्या फांदीला धरून ती दोन मिनिटं उभी राहिली, मग पलीकडे गेली, दाखला देऊन आली आणि संध्याकाळी मी घरी आल्यावर चहा ओतता ओतता म्हणाली, "अगं, आज हयातीचा दाखला देताना जरा घाईच झाली असती."

मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्याही हा दाखला देता येतो, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. तिला बँकेत जायचं असतं, तिथे तिच्या शाळेतल्या जुन्या सहकारी भेटतात.

त्यानंतर तिने नवीन सुरू केलं. बँक, दवाखाना, किराणा, कुठेही पलीकडे जायचं तर रिक्षा. रिक्षा पुढच्या वळणापर्यंत जाऊन उलटी येते, चाळीस रुपये होतात. रस्त्याची ही बाजू ते ती बाजू, चाळीस रुपये. तिसऱ्यांदा रिक्षाचे पैसे देताना मी ठरवलं की या सिग्नलचं काहीतरी करायचं. किती दिवस लागतील याचा अंदाज असता तर कदाचित ठरवलं नसतं. पण झालं एकदाचं. आपल्या चौकाचं असंच काही करायचं असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. शहराचं नाव लिहीत नाही, कारण मला कोणाची तक्रार करायची नाही, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही महापालिकेच्या शहरात दारं साधारण हीच आहेत.

२८ नोव्हेंबर, मंगळवार. अर्धी रजा टाकून प्रभाग कार्यालयात गेले. अर्ज हाताने लिहिला होता, "चौकातील पादचारी सिग्नलची वेळ वाढवून मिळणेबाबत". आवक-जावकच्या खिडकीत बाईंनी विचारलं, "दुसरी प्रत?" नव्हती. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग. पहिली गोष्ट ही की प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असं तिन्ही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. नुसता शिक्का मारून देतात. क्रमांक मागावा लागतो. पुढे वर्षभर मला कोणी नावाने ओळखलं नाही, त्या क्रमांकाने ओळखलं.

आतल्या कनिष्ठ अभियंत्यांनी अर्ज वाचला, नीट वाचला. म्हणाले, "मॅडम, रस्ता आमचा. झेब्रा पट्टे आमचे. सिग्नल विद्युत विभागाचा, तिकडे मुख्य इमारतीत." मुख्य इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट बंद. विद्युतमध्ये सांगितलं, "दिवा लागत नसेल तर सांगा, उद्या लावतो. सेकंद आमच्याकडे नाहीत. सेकंद ट्रॅफिकवाले ठरवतात."

हे मला खरंच माहीत नव्हतं. खांब, दिवे, केबल, तो करड्या रंगाचा पेटारा, सगळं महापालिकेचं, आणि त्यातले सेकंद पोलिसांच्या वाहतूक शाखेचे. म्हणजे घड्याळ एकाचं आणि वेळ दुसऱ्याची.

४ डिसेंबरला वाहतूक शाखेत गेले. तिथले साहेब राउंडला होते. दीड तास बाकावर बसले. बाकाशेजारी ओढून आणलेल्या गाड्यांचे मालक, त्यांचे आवाज. शेवटी टेबलावरचे कर्मचारी म्हणाले की वेळ आम्ही ठरवतो हे बरोबर, पण पेटाऱ्याला हात लावायचा अधिकार महापालिकेच्या ठेकेदाराला. त्यामुळे महापालिकेने आम्हाला पत्र द्यावं, मग आम्ही कळवू. तिथून फोन लावला तर विद्युत विभागाचं म्हणणं, पोलिसांनी आम्हाला पत्र द्यावं, मग आम्ही करू.

एरवी अशा वेळी नगरसेवकाकडे जातात. आमच्याकडे तेव्हा सभागृहाची मुदत संपून प्रशासक बसलेले, राज्यातल्या बहुतेक महापालिकांचं तेच होतं. माजी नगरसेवकांनी चहा पाजला. "बघतो" म्हणाले.

६ डिसेंबरला 'आपले सरकार' या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर तक्रार टाकली. तिथे एकवीस दिवसांत निपटारा होतो म्हणतात. झाला. बरोब्बर एकविसाव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला की आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली असून ती निकाली काढण्यात येत आहे. वर्ग झाली म्हणून निकाली.

मधल्या काळात, १२ तारखेच्या पेपरात फोटो होता. आदल्या दिवशी पुण्यात लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला, २०२१पासून तिथे दर ११ डिसेंबरला करतात. लोक रस्त्याच्या मधोमध निवांत चालतायत, मुलं खेळतायत. आईने तो फोटो चष्मा वर करून, जवळ धरून पाहिला. "एक दिवस?" एवढंच म्हणाली.

मग लोकशाही दिन. महापालिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तक्रारी ऐकायला स्वतः आयुक्त बसतात. अर्ज पंधरा दिवस आधी ठरावीक नमुन्यात द्यायचा असतो. ५ फेब्रुवारी २०२४च्या सोमवारसाठी मी १६ जानेवारीला दिला. ३० तारखेला पत्र आलं: विषय वैयक्तिक स्वरूपाचा नसल्याने स्वीकारता येत नाही. नियम खरा आहे, मी नंतर वाचला. लोकशाही दिनात तक्रार वैयक्तिकच लागते. रस्ता सगळ्यांचा असल्यामुळे तो कोणाचाच वैयक्तिक नाही. कोपर मात्र वैयक्तिक होतं, पण त्या नमुन्यात कोपराचा रकाना नव्हता. त्या दिवशी मी घरी येऊन फाइल कपाटात टाकली आणि आठ दिवस तिच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर काढली ती आमच्या इमारतीतल्या काकांमुळे. ते पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी अर्ज वाचून पेन्सिलने एका शब्दाखाली रेघ मारली, "वाढवून". "किती आहे, किती पाहिजे, का पाहिजे, यातलं तू काहीच लिहिलं नाहीस. वाढवून म्हणजे किती? विनंतीवर टिपणी होत नाही बाळा, आकड्यावर होते."

तेव्हा पहिल्यांदा मी मोबाइलचं घड्याळ लावून तो हिरवा माणूस मोजला. दहा सेकंद. आमच्या चौकात चारी बाजूंना एकेक करून हिरवा मिळतो आणि सगळ्यांची पाळी झाली की सगळं लाल होऊन चालणाऱ्यांची पाळी येते. काकांनी वहीत चौक काढून दाखवलं तेव्हा त्यातली गोम कळली. गाड्यांना एकेका बाजूने सोडलं की प्रत्येक वेळी कोणी ना कोणी तुमच्या रस्त्यात वळून येतंच, डावीकडून नाहीतर उजवीकडून नाहीतर समोरून. पूर्ण रस्ता मोकळा असा क्षण त्या चार पाळ्यांत एकदाही येत नाही. म्हणजे चालणाऱ्याकडे आहेत ते हेच दहा सेकंद, १३० सेकंदांच्या फेरीतले. बाकीचे १२० थांबायचे.

८ फेब्रुवारीला माहिती अधिकाराचा अर्ज केला. ज्यांनी कधी केला नाही त्यांच्यासाठी सांगते, महाराष्ट्रात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट अर्जावर चिकटवायचं, मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा आणि एका अर्जात एकच विषय. "का वाढवत नाही?" असं विचारू नये. का-ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. कागद मागावा. मी मागितलं: या चौकाच्या सिग्नलच्या वेळा ठरवल्याचा कागद, तारखेसह. ऑनलाइनही करता येतो, पण मला तोवर शिक्क्यांची सवय लागली होती.

अर्ज मी महापालिकेत दिला, ही चूक. मागितलेला कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३)प्रमाणे पाच दिवसांत तो तिकडे पाठवायचा असतो. माझा पाठवला अठ्ठाविसाव्या दिवशी. पत्रावर तारीख ७ मार्च, माझ्या हातात आलं १४ मार्चला. त्यानंतर दोन दिवसांत लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळीकडे एकच उत्तर सुरू झालं, "आता जूननंतर."

पण माहिती अधिकाराला आचारसंहिता लागत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वाहतूक शाखेचं पत्र आलं, चार पानं आहेत, पानाला दोन रुपयांप्रमाणे आठ रुपये भरा. १८ तारखेला भरले आणि कागद घेतले. तिथेच जिन्यात उभं राहून वाचले. सिग्नलचं वेळापत्रक २०१६ सालचं होतं. पादचारी: १० सेकंद. आणि वर एका ओळीत, रस्त्याची रुंदी: १५ मीटर.

रस्ता २०१९मध्ये रुंद झाला. आमच्या इमारतीचं कुंपण तेव्हाच आत सरकलं, जुना पारिजातक त्यातच गेला. त्यामुळे ते साल मला कोणी सांगायला नको होतं. रस्ता वाढला तेव्हा खांब हलवले, केबल नवीन टाकली, पट्टे मारले. फक्त ते दहा सेकंद जुन्याच रुंदीचे राहिले. सांगणार कोण? रुंदी एका कार्यालयात, सेकंद दुसऱ्यात.

त्या जिन्यात मला आनंद झाला, आणि झाल्याचं जरा विचित्रही वाटलं. पण इतके महिने मी उपकार मागत होते. आता चूक सापडली होती, आणि चूक कोणाच्या आळसाचीही नव्हती, नुसती राहून गेलेली होती. राहून गेलेली गोष्ट दुरुस्त करायला कोणाची इज्जत जात नाही.

२८ एप्रिल, रविवार, पहाटे साडेपाच. शेजारच्या बांधकामावरच्या मुकादमाकडून तीस मीटरची टेप आणली होती. काका एका कडेला, मी दुसऱ्या कडेला. दुधाची गाडी, दोन कुत्री, एक फिरायला निघालेले आजोबा, जे थांबून विचारत राहिले की इथे आता उड्डाणपूल होणार का. फुटपाथच्या दगडापासून दगडापर्यंत २० मीटर ९० सेंटिमीटर. काका म्हणाले, एकवीस लिही.

माणसं मोजण्याचं काम त्याआधीच, ४ एप्रिलला केलं होतं, कारण शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत करायचं होतं. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, मी, माझी मैत्रीण आणि तिचा नववीतला मुलगा. त्या तासात सत्तावीस वेळा हिरवा माणूस लागला. आमच्या बाजूच्या एका पट्ट्यावरून ३११ माणसं गेली. त्यातली १९० माणसं, गाड्या सुटल्या तेव्हा, अजून रस्त्यातच होती. आणि ४७ सायकली, बहुतेक शाळेतल्या पोरांच्या.

सायकलींचं आमच्या डोक्यातच नव्हतं, ते मैत्रिणीच्या मुलाने काढलं. तो म्हणाला, आम्हाला दोन्हीकडून बाद करतात. गाड्यांच्या हिरव्यावर निघालं तर गाड्या पुढे निघून जातात आणि आपण चौकाच्या मध्ये असताना आडव्या बाजूचा हिरवा होतो. चालणाऱ्यांच्या हिरव्यावर निघालं तर पोलीस ओरडतात, उतरून ढकल. त्याचा हिशेब मी नंतर केला. कडेपासून कडेपर्यंत चौक साधारण तीस मीटरचा. शाळेच्या दप्तरासकट सायकल ताशी बारा किलोमीटरने गेली तरी नऊ सेकंद हवेत. हिरव्याच्या शेवटी निघालेल्याला पिवळ्याचे तीन सेकंद मिळतात आणि पुढच्या बाजूचा हिरवा लगेच लागतो. सहा सेकंद ते पोरगं उघड्यावर असतं.

मे महिन्यात मी एक पानी पत्र सहा वेळा लिहिलं. पहिल्या मसुद्यात सगळा राग होता. देशभरात २०२२मध्ये रस्त्यावर चालताना ३२,८२५ माणसं मेली, हा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा होता. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९८अ होतं, ज्यात रस्त्याच्या सदोष रचनेबद्दल एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. काकांनी कलम खोडलं. "हे घातलंस की पत्र अभियंत्याकडे राहत नाही, विधी विभागात जातं. तिथून परत यायला दोन आचारसंहिता लागतील." आकडाही काढायला लावला. म्हणाले, देशाचं दुःख त्यांना माहीत आहे, त्यांना चौकाचं सांग.

शेवटी पत्रात उरलं ते एवढं. २०१६ला रस्ता १५ मीटर, आता २१. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरायचं आणि पाऊल टाकायला सुरुवातीचे ७ सेकंद त्यात मिळवायचे, ही आपल्याकडे अभियांत्रिकीला शिकवतात ती रीत. २१ भागिले १.२ म्हणजे साडेसतरा, अधिक सात, साडेचोवीस. सबब २५ सेकंद मिळावेत. सायकलींसाठी प्रत्येक पिवळ्यानंतर दोन सेकंद सगळीकडे लाल ठेवावा. दोन्ही कार्यालयांची संयुक्त पाहणी व्हावी. सोबत: वेळापत्रकाची प्रत, मोजणीचा तक्ता, चौकाचा कच्चा नकाशा. १८ जून २०२४ला हे पत्र एकाच दिवशी दोन्हीकडे दिलं आणि दोन्ही पत्रांच्या खाली "प्रत माहितीसाठी" म्हणून दुसऱ्या कार्यालयाचं नाव टाकलं. ही युक्ती मला आवक-जावकच्या त्याच बाईंनी सांगितली, जिने पहिल्या दिवशी दुसरी प्रत विचारली होती. एका टेबलाला कळलं की दुसऱ्या टेबलावरही हाच कागद आहे, की तो कागद हलतो.

हलला. १० जुलैची पाहणी ठरली. महापालिकेचे दोघे आले, पोलीस आले नाहीत, कारण आषाढीच्या बंदोबस्ताला पंढरपूरला गेले होते. त्यावर राग धरता येत नाही. ३१ जुलैला पुन्हा ठरली आणि या वेळी सगळे आले. वाहतूक शाखेचे निरीक्षक, विद्युतचे उपअभियंता, पथ विभागाचे ते पहिल्या दिवशीचे कनिष्ठ अभियंता, आणि चौकात रोज उभे राहणारे हवालदार. पाऊस भुरभुरत होता.

निरीक्षक साहेबांचं म्हणणं साधं होतं. फेरी १३०ची आहे. पंधरा सेकंद वाढवले की संध्याकाळी रांग मागच्या चौकापर्यंत जाईल, आणि मग तो चौक अडेल. ते थाप मारत नव्हते, मी ती रांग पाहिलेली आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माझा तक्ता पुढे केला, त्यांनी छत्री सांभाळत चाळला.

तेवढ्यात आई खाली आली. मी बोलावली नव्हती. गॅलरीतून बघत होती, काठी घेऊन आली आणि म्हणाली, "मला बँकेत जायचंय, सिग्नल लागला की जाते." हिरवा लागला. ती उतरली. आम्ही सगळे कडेला उभे, हवालदारांनी हात करून गाड्या धरल्या. ती पट्ट्यांवरून चालायला लागली. काठी, उजवा पाय, डावा पाय. पांढऱ्या पट्ट्यावर पाणी साठलं होतं तिथे ती जरा थांबून बाजूने गेली. दहा झाले तेव्हा ती दुभाजकाच्या अलीकडे होती. कोणी काही बोलत नव्हतं. मागून हॉर्न सुरू झाले, हवालदारांनी हात खाली घेतला नाही. पलीकडच्या दगडावर तिने काठी टेकली तेव्हा उपअभियंत्यांनी आपल्या मोबाइलकडे पाहून सांगितलं, "एकोणतीस."

हवालदार मला हळूच म्हणाले, "ताई, दहात मीसुद्धा पोचत नाही. मी शिट्टी मारतो म्हणून पोचतो."

तिथेच, रस्त्यावर, सौदा झाला. पंचवीस नाही, अठरा. फेरी १३८ची. प्रायोगिक तत्त्वावर. सायकलींसाठीचे दोन सेकंद "बघू". आणि दुभाजकात झाडं काढून उभं राहण्यापुरती जागा करायची, म्हणजे ज्याला अठरात जमणार नाही तो अर्ध्यात सुरक्षित थांबेल. मला अठरा हा आकडा कुठून आला ते शेवटपर्यंत कळलं नाही. साडेसतराच्या वरचा पूर्णांक असावा, सुरुवातीचे सात वजा करून. म्हणजे माझ्याच हिशेबाचा अर्धा भाग मान्य झाला.

वाहतूक शाखेचं पत्र २२ ऑगस्टला निघालं. मला वाटलं संपलं. पण पेटारा उघडणाऱ्या ठेकेदाराचा वार्षिक देखभालीचा करार संपला होता आणि नवा व्हायचा होता. मग गणपती आले, ७ ते १७ सप्टेंबर, तेव्हा चौकाला कोणी हात लावत नाही. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. सिग्नलच्या सेकंदांनी कुठला मतदार फितणार होता कोण जाणे, पण तीही पाळली. मधल्या नोव्हेंबरात आई हयातीचा दाखला द्यायला गेली. रिक्षाने. चाळीसचे पन्नास झाले होते.

३ डिसेंबर २०२४, मंगळवार. सकाळी हवालदारांचा फोन, "ताई, पेटीवाला आलाय, बघायचं तर या." मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि गेले. विशीतला मुलगा, पाठीला सॅक. त्याने किल्लीने पेटारा उघडला तशी आतून एक पाल निघाली आणि खांबावर चढली. आत धूळ, मुंग्यांची वारुळासारखी माती, आणि दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून चिकटवलेला कागद. २०१६चा तोच तक्ता, मी आठ रुपये देऊन आणलेला. त्याने हातातल्या छोट्या यंत्राची वायर जोडली, तीनचार बटणं दाबली, विचारलं, "पादचारी अठरा ना?" मी हो म्हणाले. मला विचारायचं काही कारण नव्हतं, पण पत्र त्याच्या मोबाइलमध्ये उघडत नव्हतं. एक फेरी सगळे दिवे पिवळे लुकलुकले, मग सुरू झाले. सहा मिनिटं लागली. पहिल्या अर्जापासून ३७१ दिवस.

मी त्याला सांगून दारावरच्या कागदावर पेनाने दहाचे अठरा करून तारीख घालायला लावली. पुढे कोणी उघडेल त्याला कळावं.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. झेरॉक्स, कोर्ट फी, टपाल, नकाशाची रंगीत प्रत, सगळं मिळून ६१२ रुपये. सहा अर्ध्या रजा. रिक्षाचे वेगळे.

आता अठरा सेकंदांनंतरचं. पहिले पंधरा दिवस गाडीवाल्यांनी हॉर्न वाजवून वीट आणला. गाड्यांच्या बाजूला उलटे आकडे दिसतात, त्यामुळे तीन उरले की दुचाक्या सुटतातच. हातात खरे पंधराच पडतात. पट्ट्यांच्या आधीची थांबायची रेघ पुसली गेली आहे, म्हणून गाड्या पट्ट्यांवरच उभ्या असतात. चारपैकी दोन हिरवे माणूस बंद होते, ते जानेवारीत एका फोनवर लागले, विद्युत विभागाने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं. आणि सायकलींचे दोन सेकंद मार्चमध्ये कोणालाही न सांगता आले. मैत्रिणीच्या मुलाला पहिल्यांदा कळलं. मी मोजून खात्री केली, मग निरीक्षक साहेबांना आभाराचं पत्र दिलं, दोन प्रतींत. आवकवाल्यांना तो कागद कुठल्या फाइलला लावायचा ते सुचेना.

दादरला २०२०मध्ये सिग्नलवरच्या माणसाच्या जागी काही ठिकाणी झगा घातलेली बाई आली, त्याचा फोटो मी आईला कधीतरी दाखवला होता. नवे दिवे लागले तेव्हा तिने विचारलं, आपल्याकडे बाईच का नाही लावली? मग स्वतःच म्हणाली, "नको. बाई लावली तर सेकंद बाईचे लावावे लागतील."

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी नियम करायला सहा महिने दिले. काकांनी ती बातमी कापून माझ्या दाराच्या फटीतून आत सरकवली, पेन्सिलने "आता कलम घाल" असं लिहून.

घातलं नाही अजून. दुभाजकातली जागा मात्र झाली, मे २०२५मध्ये, कण्हेर काढून. दोन माणसं आणि एक सायकल उभी राहते. २०२५च्या नोव्हेंबरात आई दाखला द्यायला चालत गेली. अठरात ती दुभाजकाच्या जरा पुढे पोचते, म्हणून ती दुभाजकावरच थांबते. मग फेरीतले उरलेले सेकंद संपायची वाट पाहत उभी राहते, आणि दुसऱ्या हिरव्यावर उरलेला रस्ता ओलांडते. मी गॅलरीतून बघत होते. तिथे तिच्या शेजारी सायकल घेतलेला एक शाळकरी मुलगा थांबला होता, दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. हिरवा लागला तरी ते बोलतच होते, आणि त्यांचे चार सेकंद तिथेच गेले.

थांबायच्या रेघेचा अर्ज दिलेला आहे. आवक क्रमांक घेतलाय.